खिडकीपलीकडची खुर्ची



सकाळचे आठ वाजतात आणि जळगावच्या शासकीय रुग्णालयाच्या आवारात खेड्यापाड्यांची गर्दी होऊ लागते. कुणी यावलहून आलेले, कुणी जामनेरहून, कुणी पाचोऱ्याहून. कुणाच्या पिशवीत कळण्याची भाकर आणि ठेचा बांधलेला, कुणाच्या कडेवर तापाने फणफणलेले लेकरू. ही सारी माणसे डॉक्टरांना भेटायला आलेली असतात. पण त्यांची पहिली गाठ डॉक्टरांशी पडत नाही. पहिली गाठ पडते ती केसपेपरच्या खिडकीशी, म्हणजे त्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाशी. तिकडे धुळ्याला चक्करबर्डीवरील हिरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही हेच चित्र.

आपल्या घरात डॉक्टरचे नाव आदराने घेतले जाते. नर्सताईचेही घेतले जाते. पोरगी हुशार निघाली की "माझी लेक डॉक्टर होईल" असे माय सांगते, आणि ते योग्यच आहे. पण दवाखान्याच्या कारकुनाबद्दल आपण कधी दोन शब्द बोलतो का? बोललोच तर तक्रारीपुरते. आज आम्ही या खुर्चीबद्दलच लिहिणार आहोत. कारण गरिबाचा आजार आधी कागदावर चढतो आणि मग खाटेवर. कागद अडला की माणूस अडतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळे जिल्ह्यातील आमच्या ओळखीची एक मोलमजुरी करणारी बहीण नवऱ्याला घेऊन एका मोठ्या खाजगी दवाखान्यात गेली. नवऱ्याच्या छातीत कळा येत होत्या. दवाखाना शासनाच्या योजनेत होता, म्हणजे उपचार मोफत व्हायला हवे होते. खिडकीवरच्या माणसाने रेशनकार्ड पाहिले, आधारकार्ड पाहिले आणि दोन्ही परत सरकवले. म्हणाला, "नाव जुळत नाही. पैसे भरा, नाहीतर नाव दुरुस्त करून आणा." रेशनकार्डावर घरातले हाकेचे नाव, आधारवर शाळेतले नाव. आपल्या किती घरांत हीच गत आहे ते वाचकांनी स्वतःची कार्डे काढून पाहावे.

ती बाई हात जोडून म्हणाली, "मना माणूसले मझार लई ल्या भाऊ, कागद मी सकाय लई येसू." तो पुढच्या माणसाला बोलावू लागला. बाईने गळ्यातले डोरले काढून हातात घेतले. गहाण ठेवायला ती सराफाकडे निघालीच होती. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची एक तरुण मुलगी उठली. ती आरोग्यमित्र होती. तिने बाईला बाकावर बसवले आणि रुग्णाची अवस्था पाहिली. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे. त्या मुलीने फोन केला. नवरा आत गेला. नाव दुरुस्तीसाठी कोणत्या कार्यालयात जायचे, काय घेऊन जायचे, हे तिने चिठ्ठीवर लिहून दिले. डोरले परत गळ्यात गेले.

दवाखाना तोच, कायदा तोच, योजनाही तीच. फरक फक्त खुर्चीवर बसलेल्या माणसाचा. एकाला नियम ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असून सांगायचा नव्हता. दुसरीला ठाऊक होता आणि तिने तो सांगितला. या प्रसंगाने आम्हाला जे शिकवले तेच आज आपल्यासमोर ठेवत आहोत.

कोणत्या खुर्चीवर कोण असते?

आपल्या वस्तीतील बहुतेक लोक दवाखान्यात पांढरा कोट नसलेल्या प्रत्येकाला "साहेब" म्हणतात आणि भलत्याच टेबलासमोर तास घालवतात. म्हणून थोडे समजून घेऊ.

पहिला केसपेपर देणारा लिपिक. नाव, वय, पत्ता तोच लिहितो. येथे चुकलेले नाव पुढे प्रत्येक कागदावर चुकत जाते. त्यामुळे केसपेपर हातात आला की तिथेच उभे राहून वाचावा. वाचता येत नसेल तर सोबतच्या पोराला वाचायला सांगावे. लाज धरू नये.

दुसरा आंतररुग्ण नोंदीचा लिपिक. रुग्ण कोणत्या वॉर्डात आणि कोणत्या तारखेला दाखल झाला, कुठे हलवला, कधी सुटी मिळाली, याची नोंद याच्याकडे राहते.

तिसरा अभिलेख कक्ष, म्हणजे जुनी कागदपत्रे जपणारी खोली. विमा, नुकसानभरपाई, अपंगत्वाचा दाखला, कोर्टकचेरी, कशासाठीही जुना कागद लागला की वाट इथेच येते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, आणि दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत, असे बंधन आहे. मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख टाका, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

चौथा समाजसेवा अधीक्षक. मोठ्या शासकीय रुग्णालयात हे पद असते. निराधार रुग्ण, औषधाला पैसे नसलेला रुग्ण, घरच्यांनी टाकलेली म्हातारी, यांच्यासाठीच ही खुर्ची ठेवलेली आहे. पण आपल्या लोकांना तिचा पत्ताच नसतो.

पाचवा आरोग्यमित्र. योजनेतील प्रत्येक दवाखान्यात त्याचे टेबल असते. याशिवाय रोखपाल आहे, औषधे आणि साहित्य सांभाळणारा भांडारपाल आहे, चादरी-कपड्यांचा हिशेब ठेवणारा वस्त्रपाल आहे. भांडारात औषध आले की नाही, संपण्याआधी मागणी गेली की नाही, हे भांडारपालाच्या वहीवरून कळते. "औषध नाही, बाहेरून आणा" हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून आले तरी त्याची सुरुवात बऱ्याचदा त्या वहीत असते.

आणि जन्माची नोंद! दवाखान्यात बाळ जन्मले तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, आणि ती २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालणार आहे. म्हणजे एका कारकुनाने बाळंतिणीच्या उशाशी भरलेला तो कागद त्या लेकराला जन्मभर पुरणार आहे. त्यावर आईचे नाव, बापाचे नाव, आडनाव अक्षर न अक्षर तपासून घ्या.

नोंद हरवली की माणूस हरवतो

"कागद काय, कारकुनी काय, माणूस बरा होणे महत्त्वाचे" असे कुणी म्हणेल. त्यांनी जून २०२० आठवावा. करोनाचा काळ होता. जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल केलेल्या, वयाची ऐंशी ओलांडलेल्या एका आजी बेपत्ता झाल्या. घरचे विचारत राहिले. आजी कुठे आहेत हे रुग्णालयाला सांगता येईना. सुमारे आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली. अधिष्ठाता आणि इतर काही जण निलंबित झाले.

त्या काळात डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार जिवावर उदार होऊन राबत होते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण एक साधी गोष्ट पाहा. खाट रिकामी दिसली तर "या खाटेवरचा रुग्ण गेला कुठे?" हा प्रश्न कुणीतरी विचारायचा असतो. सकाळी आणि संध्याकाळी माणसे मोजायची, वहीशी ताळा करायचा, एक जरी कमी आला तरी स्वस्थ बसायचे नाही. हे काम मोठे दिसत नाही. त्यासाठी कुणाचा सत्कार होत नाही. पण ते झाले नाही तर भरल्या दवाखान्यात माणूस नाहीसा होतो. ज्याला वही हे ओझे वाटते त्याने त्या आजींना आठवावे.

मारहाणीचा कागद

आपल्या समाजाला आणखी एका कागदाची ओळख करून घ्यावीच लागते. गावात पाण्यावरून, मिरवणुकीवरून, पोरापोरींच्या लग्नावरून डोकी फुटतात. जखमी माणसाला दवाखान्यात आणले की डॉक्टर त्याची नोंद एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून करतात. त्याला क्रमांक पडतो आणि पोलिसांना खबर जाते. कुणी सांगते, "पडलो असे लिहा, भानगड नको." असे कधीही लिहू देऊ नका. जे घडले ते, जेव्हा घडले तेव्हा, ज्याने मारले त्याने, असेच सांगा आणि एमएलसी क्रमांक लिहून घ्या.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हातात आहे. पण त्याखालील १९९५ च्या नियमांप्रमाणे मिळणारी मदतही अनेक गुन्ह्यांत वैद्यकीय कागदाशी बांधलेली आहे. खुनाच्या प्रकरणात शवविच्छेदनानंतर निम्मी रक्कम द्यावी असे नियम सांगतात. म्हणजे कोर्टात उभे राहण्याआधी खटल्याचा पाया दवाखान्याच्या टेबलावर भरला जातो. तेथे बसलेला माणूस वेळ टिपतो की टाळतो, क्रमांक देतो की "उद्या या" म्हणतो, यावर एखाद्या घराचा न्याय अवलंबून असतो.

हक्क कोणते, ते पाठ करा

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून चोपडा किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि उपचार मोफत झाले. मेडिकल कॉलेजची रुग्णालये मात्र दुसऱ्या, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. जळगावचे शासकीय मेडिकल कॉलेज २०१८ साली सुरू झाले आणि जुने सिव्हिल त्याला जोडले गेले. म्हणून तालुक्याला पैसे लागले नाहीत आणि जिल्ह्याला का लागले, असा घोळ होतो. खिडकीवर विचारा, पावती घ्या, पावतीशिवाय रुपया देऊ नका.

शासनाची जी मोठी योजना आहे तिचा आणि आपल्या खान्देशाचा जुना संबंध आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती जळगावसह साऱ्या राज्यात आली. २०१७ साली तिला महात्मा ज्योतिराव फुल्यांचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण लागू झाले. प्रत्येक आजार आणि प्रत्येक दवाखाना तिच्यात बसत नाही, म्हणून दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारावे. आणि जे दवाखाने धर्मादाय न्यासाखाली नोंदलेले आहेत, त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखल्या पाहिजेत. पाटीवर "धर्मादाय" शब्द आहे का, ते आधी बघा.

ती खुर्ची आपल्यासाठी का?

१९३७ च्या जुलैअखेर बाबासाहेब धुळ्याला आले ते कोर्टाच्या कामासाठी. मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात. अजूनही दरवर्षी ३१ जुलैला आपली माणसे त्या बंगल्याला वंदन करायला जातात. आम्हीही गेलो आहोत. तेथे उभे राहिले की वाटते, हा महापुरुष आपल्या भागात तलवार घेऊन आला नाही, कागद घेऊन आला. कागदावर लिहिलेले सरकारला मानावे लागते हे त्यांना ठाऊक होते.

म्हणूनच १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी सरकारी नोकऱ्यांत आपल्या जागांसाठी आग्रह धरला. १९४३ साली ८.३३ टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला. त्याच काळात त्यांच्या खात्याने कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करवून घेतली. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज एमआयडीसीतील कामगार विम्याचे कार्ड दाखवून औषध घेतो, त्यामागे ही कहाणी आहे. एकीकडे आजारी कामगाराचा हक्क, दुसरीकडे कचेरीतील खुर्ची. बाबासाहेबांनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाती घेतल्या. हक्क लिहिला गेला, पण तो देणारा हात आपला नसेल तर तो वहीतच राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज ती खुर्ची मिळवणे सोपे राहिलेले नाही. २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. आईबापांनी उसनवारी करून पोरांना परीक्षेच्या गावी पाठवले होते. ती परीक्षा रद्द झाली. २०२३ मध्ये १०,९४९ पदांसाठी पुन्हा जाहिरात निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. तरीही दवाखान्यांत संगणकावर बसणारी पुष्कळ मुले-मुली ठेकेदाराच्याच पगारावर आहेत. कंत्राटाला आरक्षण नाही, बढती नाही, उद्याची खात्री नाही. या प्रश्नावर संघटित झाल्याशिवाय गत्यंतर नाही.

पण तयारी थांबवू नका. लिपिकाच्या पदाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागते, संगणकाचा दाखला लागतो. बारावी झालेली पोरगी घरी बसली असेल तर तिला टायपिंगच्या क्लासला घाला. समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मुलांनी समाजसेवा अधीक्षकाच्या पदाकडे लक्ष ठेवावे. डॉक्टर होण्याइतका पैसा सगळ्यांकडे नसतो. रुग्णाच्या उपयोगी पडण्याचे दार तेवढ्याने बंद होत नाही.

बसलेल्यांसाठी दोन शब्द

आता थोडे कडू बोलू. आपलीही काही मुले या खुर्च्यांवर बसली आहेत. बहुतेक जण चांगले काम करतात. पण काही जण बसल्यावर दोन वर्षांत तीच भाषा शिकतात: "दिसत नाही का? रांगेत उभे राहा. कागद अपुरे आहेत, उद्या या." वस्तीतला माणूस समोर आला तर ओळख दाखवायला संकोच वाटतो. बंधूंनो, ज्या खिडकीने तुमच्या आजोबांना हाकलले तीच खिडकी तुम्ही आतून लावून घेणार का? आमचे म्हणणे असे नाही की आपल्या माणसाला रांग सोडून पुढे घ्या. तसे केले तर आपणही त्यांच्यातलेच. म्हणणे एवढेच की रांगेतल्या प्रत्येकाला, तो कोणत्याही जातीधर्माचा असो, "अपुरे आहे" म्हणून थांबू नका. काय अपुरे आहे आणि ते कुठे मिळेल हेही सांगा. त्या एका वाक्याने त्याची एक एसटीची खेप वाचते, एक दिवसाची मजुरी वाचते.

तथागतांची एक गोष्ट आपण विहारात ऐकतो. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला विचारले की त्याची सेवा का केली नाही. त्या गोष्टीत औषधाचा उल्लेख नंतर येतो. आधी येते ते त्याच्याकडे पाहणे. खिडकीवरच्या माणसानेही आधी एवढेच करायचे आहे: कागदाकडे पाहण्याआधी समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचे.

महिला मंडळांना आमची विनंती आहे. या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा प्रत्येकीने घरातील रेशनकार्ड, आधारकार्ड, आयुष्मान कार्ड सोबत आणावे. शिकलेल्या पोरींनी सगळ्यांची नावे ताडून पाहावीत. जिथे फरक आहे तिथे माणूस धडधाकट असतानाच दुरुस्ती करून घ्यावी. सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या सर्वांना ठाऊक असेल अशा जागी टांगावी. रात्री-अपरात्री दवाखान्यात धावायची वेळ आली तर कुणालाही डोरले हातात घेऊन सराफाकडे निघावे लागू नये.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!